बेकरीचं छप्पर

ट्रोल्स गवंडी होता आणि ओळंब्याच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. भिंत केसभर जरी कलली तरी तो ती स्वतःच्या हातानं पाडायचा, मग मालक रडो नाहीतर मुकादम ओरडो. डेन्मार्कातल्या त्या खाडीकाठच्या गावात निम्म्या घरांना त्याचा हात लागला होता आणि त्यातलं एकही घर वाकडं आहे असं कुणी म्हटलं नव्हतं. अशा माणसानं त्या वसंतात आपल्या जेवणाच्या टेबलावरची एक सरळसोट भिंत वाकडी ठरवून पाडली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाडली, आणि वर पोटच्या पोरीशी खोटं बोलला.

विटा खेळण्यातल्या. बोटाच्या पेराएवढ्या, वर गोल बोंडं असलेल्या, एकीवर एक दाबली की टक्कन बसणाऱ्या. त्या बनवणारा कारखाना तिथून फार लांब नाही, त्यामुळे त्या भागात घरटी माळ्यावर विटांचं एक खोकं असतंच. आजी गेली की भावंडं चांदीच्या चमच्यांवरून भांडत नाहीत, खोकं कुणी न्यायचं यावरून भांडतात. पोरं मोठी झाली की बहुतेकांचा हा नाद सुटतो. काहींचा सुटत नाही, आणि ट्रोल्स त्या काहींपैकी होता.

"दिवसभर विटा रचतोस आणि घरी येऊन परत विटाच?" त्याची बायको डोर्ते संसारात असताना विचारायची.

"त्या दुसऱ्याच्या असतात. ह्या माझ्या," तो म्हणायचा.

त्यांचा काडीमोड काही विटांमुळे झाला नाही. कशामुळे झाला ते दोघांनाही धड सांगता आलं नसतं. भांडीकुंडी वाटली गेली, आणि तेरा वर्षांची टिल्डे आठवड्या-आठवड्यानं वाटली गेली. एक आठवडा बाबाकडे, एक गावाच्या दुसऱ्या टोकाला आईकडे. दर दुसऱ्या शुक्रवारी ती पाठीला पिशवी लावून सायकलवरून यायची आणि ट्रोल्सच्या घरात दिवे लागायचे. ती नसायची त्या आठवड्यात तो स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या राय धान्याच्या काळ्या पावाचे तुकडे मोडून जेवण उरकायचा.

नाताळ झाला आणि बापलेकीनं बेकरी बांधायला घेतली. गावाच्या कोपऱ्यावरची, रविवारी सकाळी सगळं गाव जिथं गरम पावांसाठी रांग लावतं ती. डब्यातला तयार संच नाही, पुस्तिका नाही, सगळं आपल्या डोक्यानं. ट्रोल्स टेप घेऊन फुटपाथवर ओणवा झाला आणि टिल्डे आकडे लिहीत राहिली. बेकरीवाला हात पुसत बाहेर आला.

"काय, विकत घेताय का दुकान?"

"नाही," टिल्डे म्हणाली, "उचलून नेतोय."

ते दिवस फार सुखाचे गेले. टेबलाच्या अर्ध्या भागावर बेकरी, उरलेल्या अर्ध्यात रंगारंगाच्या विटांनी भरलेली जुनी आइस्क्रीमची भांडी, आणि जेवण गुडघ्यांवर. हवा तो तुकडा सापडेपर्यंत ढिगात बोटं फिरवायची, त्याचा खळखळ आवाज घरभर ऐकू यायचा. टिल्डे शाळेच्या गायनवृंदात होती आणि वीट बसवताना तिच्या तोंडात गाणं असायचंच. ओळ संपली की वीट, वीट बसली की पुढली ओळ. ट्रोल्सला गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, पण आपण भिंत एवढी चांगली कधी बांधली नव्हती असं त्याला तेव्हा वाटायचं, आणि ते खरंही होतं.

तिकडे बेकरीच्या दारावर खूण म्हणून सोनेरी वेढ्यांचा पाव टांगलेला असतो. तो कशाचा करायचा यावर त्यांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. शेवटी टिल्डेनं पोलिसाच्या बाहुल्याच्या बारीकशा बेड्या उचलून दारावर अडकवल्या.

"हे बघ! हुबेहूब!"

"बेकरीवर बेड्या? गाव काय म्हणेल?"

"म्हणेल की त्याचे पाव इतके महाग आहेत, कधीतरी हे व्हायचंच होतं."

ट्रोल्स हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. भट्टीच्या आत त्यांनी पारदर्शक केशरी तुकडे बसवले, खिडकीतून पाहिलं की आत विस्तव आहे असं वाटे. वरच्या मजल्यावर बेकरीवाल्याचं घर होतं. तिथं भिंतीच्या आतल्या बाजूला दोन निळ्यांचे पट्टे घेऊन वॉलपेपर केला, न्हाणीघरात टब ठेवला, आणि जिन्याखाली तर झाडूसुद्धा.

"बाबा, छप्पर बसल्यावर हे कुणाला दिसणार?"

"कुणाला नाही. पण आपल्याला ठाऊक असणार ना."

"आणि उंदराला," असं म्हणून तिनं झाडूशेजारी एक उंदीर बसवला.

छपराच्या दिवशी मेजवानी करायची हे तर पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तिकडे घराचे वासे चढले की मालकानं वर हिरव्या पानांची गोल गुंफलेली वेढी टांगायची, झेंडा लावायचा आणि गवंडी-सुतारांना सॉसेज आणि बियर द्यायची, ही रीत आहे. जो मालक देत नाही त्याचं नाव गवंडी नातवंडांपर्यंत सांगत जातात. टिल्डेनं वेढी स्वतः विणायची आणि ट्रोल्सनं भाषण करायचं, असं कामही वाटून झालं. भाषणाच्या नावानं त्याला घाम फुटत होता, तरी तो मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागला होता.

जानेवारीतल्या एका रविवारी डोर्ते आली आणि कोट न काढताच खुर्चीच्या कडेला टेकली. तिला कोपनहेगनला, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, मोठी नोकरी मिळाली होती. उन्हाळा संपला की रुजू व्हायचं होतं. आणि टिल्डे तिकडच्या गायनशाळेची परीक्षा पास झाली होती. त्या शाळेत हजार पोरं अर्ज करतात आणि मूठभर घेतली जातात.

"आठवड्या-आठवड्याचं मग जमणार नाही, ट्रोल्स. अर्धा देश आडवा येतो मध्ये."

"नाही जमणार," ट्रोल्स म्हणाला. त्याच्या हातात एक खिडकी होती, ती त्यानं उगीचच उघडली आणि मिटली.

"आम्ही कुणी तुला ओढणार नाही," डोर्ते टेबलाशी बसलेल्या लेकीला म्हणाली. "इथं बाबाकडे राहायचं की माझ्याबरोबर यायचं, ते तू सांग. तू सांगशील ते आम्हा दोघांना मान्य."

मोठी माणसं असं बोलली की त्यांना आपण फार न्यायानं वागलो असं वाटतं. तेरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आपण केवढी धोंड ठेवली हे त्यांच्या गावीही नसतं. टिल्डेनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि मग बेकरीकडे पाहिलं.

"बेकरी पुरी झाली की सांगेन," ती म्हणाली.

बुडत्याला काडीचा आधार. ट्रोल्सनं ते वाक्य धरून ठेवलं. बेकरी झाली की सांगेन, म्हणजे बेकरी होत नाही तोवर काही सांगणार नाही. आणि ती काय सांगेल याबद्दल त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती. गाणं हा तिचा जीव होता. इथं काय होतं? खाडी, वारा आणि बाप.

मार्चमध्ये एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं, की मागची भिंत आणि छप्पर एवढंच आता राहिलं आहे. टिल्डेचे हात सराईत झाले होते, अजून दोन खेपांत काम संपलं असतं. त्या शुक्रवारी ती आईकडे गेली. शनिवारी सकाळी कॉफी पिता पिता त्यानं विटा उचकटायचं ते छोटं केशरी उलथणं घेतलं आणि मागची भिंत वरपासून जिन्यापर्यंत उतरवली. एकेक वीट काढताना टक् असा आवाज येत होता. लावताना जो येतो तोच, पण ऐकवत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी टिल्डे टेबलाशी येऊन उभी राहिली.

"हे काय झालं?"

"ओळंब्यात नव्हती," ट्रोल्स म्हणाला. "मी पाहिली तपासून. काढावी लागली."

"प्लास्टिकची वीट ओळंब्यातनं कशी जाईल? ती तर अडकून बसते."

"पाया हलला असेल. तुला नाही कळायचं, त्याला गवंड्याची नजर लागते."

टिल्डे क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं बाह्या वर सारल्या.

"बरं. परत बांधू."

आणि त्यांनी ती परत बांधली. उलट जास्त सुबक बांधली. पावसाच्या पाण्याची पन्हळ पहिल्या वेळी राहून गेली होती, तीही लावली. ट्रोल्सला वाटलं, बघा, आपल्या खोटेपणानं कामाचं भलंच झालं. माणसाला स्वतःची समजूत काढायला वेळ लागत नाही.

मग एकदा खिडक्या रुंद झाल्या होत्या, एकदा छज्जाखालची विटांची पट्टी खऱ्या बेकरीपेक्षा एका थरानं कमी होती. एकदा त्याला काहीच कारण सुचलं नाही तेव्हा लाल विटांत दोन छटा मिसळल्या आहेत असं त्यानं सांगितलं. दर वेळी टिल्डे ऐकून घ्यायची, बाह्या सारायची आणि बांधायला बसायची. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं चाललं होतं त्याचं.

"तुझी बेकरी झाली का रे?" परांचीवर बसून डबा खाताना त्याचा जोडीदार हेल्गे विचारायचा.

"थोडं राहिलंय."

"खरी बेकरी ह्याच्यापेक्षा लवकर बांधली होती लेको. माझा आजा होता त्या कामावर, आणि तो तर प्यायचा."

बीच जातीची झाडं जणू एका रात्रीत हिरवी झाली, मे उजाडला. टिल्डे आईकडे गेली होती त्या आठवड्यातल्या शनिवारी ट्रोल्स अंगणात चुन्याचं घमेलं धूत असताना डोर्तेची गाडी फाटकाशी थांबली. ती एकटीच होती.

"टिल्डेनं मला सांगितलं," ती म्हणाली. "ती येत नाहीये. इथंच राहणार."

पाण्याचा पाइप ट्रोल्सच्या हातात तसाच राहिला. पाणी त्याच्याच बुटांवर पडत होतं.

"अरे, बंद कर ते."

त्यानं नळ बंद केला. "ती तर म्हणाली होती बेकरी झाल्यावर सांगेन."

"हो, तेच. मी विचारलं, बेकरी झाली का? तर म्हणाली, ती कधी होणारच नाही, बाबा मी नसताना ती पाडतो." डोर्तेनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे काय, ट्रोल्स?"

त्यानं पाइप गुंडाळायला घेतला.

"मी म्हटलं, मग? तर म्हणते, मी गेले तर तो अख्खी पाडेल आणि नुसता बसून राहील. म्हणून ती राहणार. शाळेला कळवायचं ह्या महिनाअखेरीला. मी तिला जबरदस्ती करणार नाही, शब्द दिलाय. दोन आठवड्यांनी एकदा येईन भेटायला." तिचा आवाज फाटला, पण तिनं तो सावरला. "तू जिंकलास बाबा. नीट सांभाळ तिला."

गाडी गेली. आणि इथं खरं सांगायला हवं, ट्रोल्सला आनंद झाला. आधी लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. पोरगी राहणार! तो शीळ घालत सायकलवरून कोपऱ्यावरच्या बेकरीत गेला, खसखशीचे गोड पाव घेतले, बेकरीवाल्याच्या पाठीवर उगाच थाप मारली, आणि घरी येऊन टेबलाशी कॉफी घेऊन बसला. आता पाडायची गरज नव्हती. आता बेकरी निवांत पुरी करायची, मेजवानी करायची, भाषण ठोकायचं.

बसल्या बसल्या तो बेकरीची मागची भिंत बघत होता. किती सफाईदार झाली होती! कधी बांधली ही, गेल्या खेपेला ना? गेल्या खेपेला टिल्डे तिथं बसली होती, मी इथं. आणि ती गात होती... काय गात होती?

त्याला आठवेना. त्यानं पुष्कळ ताण दिला. ईस्टरच्या सुट्टीत ती आली होती तेव्हा काय गात होती? त्याच्या आधी? पन्हळ लावताना? त्याला फक्त विटांची खळखळ आठवत होती. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की पहिल्यांदा भिंत पाडली त्यानंतर पोरगी ह्या टेबलाशी एकदाही गायली नव्हती. बाह्या सारायची, मान खाली घालायची आणि बांधायची. मुकादमानं काम सांगितलं म्हणून मजुरानं करावं तसं. आणि तो मूर्ख समोर बसून म्हणत होता की काम सुबक होतंय.

तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गवंड्याची पोर ती, प्लास्टिकची भिंत ओळंब्यातनं जात नाही हे तिला नाही कळणार? इतके महिने ती त्याचं खोटं पोटात घालत होती, आणि तेवढ्यासाठी तिनं गळा मिटून घेतला होता. ट्रोल्सनं खसखशीचा पाव कागदात परत गुंडाळून ठेवला.

तिला समोर बसवून "जा बेटा" म्हणावं, हे त्याला आधी सुचलं. पण त्यात अर्थ नव्हता. ती त्याच्यासारखीच हट्टी होती. तो जा म्हणाला असता तर तिनं त्याचा चेहरा पाहिला असता आणि मुळीच जाणार नाही म्हणाली असती. त्याचा चेहरा खोटं बोलू शकत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, त्याचे हात मात्र इतके दिवस खोटं बोलत आले होते. तर मग आता हातांनाच कामाला लावायला हवं होतं.

त्या आठवड्यात कामावरून आला की तो हात धुऊन टेबलाशी बसायचा. शेवटचा थर, छज्जा, मग तिरकी कौलं. एकट्यानं बांधायला त्याला नको नको होत होतं, तरी वीट टक्कन बसली की बोटांना बरं वाटायचंच. आपल्या बोटांची त्याला चीड आली. छप्पर बसवायच्या आधी त्यानं आत डोकावून पाहिलं. निळा वॉलपेपर, टब, जिन्याखाली झाडू. मग त्यानं छप्पर ठेवलं आणि तळव्यांनी चारी कोपरे दाबले. वेढी नाही, झेंडा नाही, सॉसेज नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं मेजवानीशिवाय घराला छप्पर घातलं.

शुक्रवारी दुपारी सायकलची घंटी वाजली. टिल्डे दारातूनच ओरडत आली.

"बाबा! सॉसेज आणलेस का? नाहीतर चल, आपण दोघं जाऊ. आज छप्पर! आज मी तुला भिंत तपासू देणारच नाही आहे, सांगून ठेवते."

तिच्या दंडात एक वेढी होती. बीचच्या कोवळ्या पानांची, ताटलीएवढी, मध्ये लाल-पांढरी फीत ओवलेली. तिला घाम आला होता आणि ती हसत होती. तिचं ठरलं होतं ना. ठरलं की माणसाला हलकं वाटतं, मग ते काहीही ठरलेलं असो. ट्रोल्स टेबलापाशी उभा होता आणि त्याला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

ती थांबली.

"हे काय?"

"छप्पर."

"ते दिसतंय मला. कुणी घातलं?"

"मी. वेळ होता ह्या आठवड्यात."

"आपण दोघं घालणार होतो."

"अगं, किती दिवस चालायचं हे? मला टेबल मोकळं हवंय. रोज काय मांडीवर जेवायचं माणसानं?"

टिल्डेनं बेकरीभोवती एक फेरी मारली. बोट लावलं नाही. "एक आठवडा थांबता आलं नाही तुला?"

"नाही."

"आणि मेजवानी?"

"खेळण्यांना कसली मेजवानी, टिल्डे. तू काय आता लहान आहेस?"

हे वाक्य त्यानं आठवडाभर परांचीवर उभं राहून घोकलं होतं. ते इतकं अचूक बसलं, की आपली जीभ हासडून टाकावी असं त्याला झालं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी ओठ हसतच राहिले आणि डोळे भरले.

"मी इथं राहणार होते," ती म्हणाली. "आईला सांगितलंय मी. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी राहा असं मी म्हणालो होतो का?"

म्हणाला नव्हताच तो. नुसतं करत होता. टिल्डेनं तोंड उघडलं, आणि ती ते आता बोलणार, पाडलेल्या भिंतींचा सगळा हिशेब पुढ्यात टाकणार असं त्याला वाटलं. तिनं टाकला असता तर तो तिथंच कोसळला असता आणि सगळं मुसळ केरात गेलं असतं. म्हणून त्यानं तिला बोलू दिलं नाही.

"बेकरी झाली की सांगेन म्हणाली होतीस," तो म्हणाला. "झाली. सांग आता."

"जाते मी!" ती किंचाळली. "कोपनहेगनला जाते! झालं समाधान?"

"झालं."

तिनं वेढी जमिनीवर आपटली, खोलीत गेली आणि दार लावून आईला फोन केला. ट्रोल्सला दारातून शब्द ऐकू येत नव्हते, नुसते हुंदके येत होते. दार चार पावलांवर होतं. तो टेबलाची कड धरून उभा राहिला आणि तिथून हलला नाही. चांगलं काम केलं की माणसाला आतून बरं वाटतं म्हणतात. त्याला तसं काही वाटलं नाही.

डोर्ते आली ती रागानं लाल होऊन. टिल्डे तिच्या बाजूनं सरळ गाडीत जाऊन बसली. बापाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"काय केलंस तू तिला? एवढं रडवायची काय गरज होती?"

"तिची ती पांघरायची जाड शाल आतच राहिलीय," ट्रोल्स म्हणाला. "आणतो."

"शाल मरू दे. ट्रोल्स, पोरगी तुझ्यासाठी सगळं सोडायला निघाली होती, आणि तू..."

"सोडायला नको तिनं. शाळेला आज कळव. उद्यावर टाकू नकोस. उद्या तिचा राग उतरेल."

 डोर्तेनं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलावर छप्पर घातलेली बेकरी, जमिनीवर वेढी. चौदा वर्षं संसार केला होता तिनं ह्या माणसाशी.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "तिला सांगते मी. असं नाही जाऊ द्यायचं तिला."

"एक शब्द बोलायचा नाही. निदान तिकडे रुळेपर्यंत. तिला कळलं तर ती गाडीतून उतरेल, आणि मला दुसऱ्यांदा नाही जमायचं हे."

डोर्तेनं त्याच्या दंडाला हात लावला आणि ती वळली. ट्रोल्स तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला, कारण घरात उभं राहवत नव्हतं. गाडी सुरू झाली, हातभर पुढे गेली आणि थांबली. मागचं दार उघडलं. टिल्डे उतरली आणि सुजलेल्या डोळ्यांनी तरातरा चालत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ट्रोल्सला वाटलं, संपलं. आता ही मिठी मारणार आणि आपण हिला सोडणार नाही.

"धुराडं चुकीच्या बाजूला लावलंयस," ती म्हणाली. "खऱ्या बेकरीला ते अंगणाच्या बाजूला आहे. तू रस्त्याच्या बाजूला लावलंस."

त्यानं मनातल्या मनात बेकरीभोवती फेरी मारली. खरं होतं. इतक्या वर्षांच्या गवंड्यानं धुराडं उलट्या बाजूला बसवलं होतं आणि त्याला ते दिसलंही नव्हतं.

"काढतो," तो म्हणाला. "काढून नीट लावतो."

टिल्डे त्याच्याकडे बघत राहिली, पहिल्यांदा भिंत पाडली त्या दिवशी बघत होती तशीच. 

"नको," ती म्हणाली. "राहू दे तसंच. आता काही पाडू नकोस, बाबा."

ती वळून गाडीत जाऊन बसली. गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली आणि ट्रोल्स फाटकाचा खांब धरून मोठ्यानं रडला. शेजारची बाई कुंपण कापत होती. तिनं कात्री थांबवली, त्याच्याकडे पाहिलं, आणि थोड्या वेळानं मान खाली घालून पुन्हा कापू लागली.